सूर्यमालेची डागडुजी कोण करतो?

नेपोलियन आणि लाप्लास यांच्यातील तो संवाद आपल्यापैकी बहुतेकांच्या वाचनात कधी ना कधी आलेला असतो. लाप्लासने आपला खगोलयांत्रिकीवरील प्रचंड ग्रंथ नेपोलियनला भेट दिला. एवढ्या मोठ्या ग्रंथात विश्वाच्या कर्त्याचा उल्लेख कसा नाही, असे नेपोलियनने विचारले. त्यावर लाप्लासने सांगितले की त्या गृहीतकाची आपल्याला गरज भासली नाही. नास्तिक मंडळी हा किस्सा विजयपताकेसारखा मिरवतात. आस्तिक मंडळी विज्ञानाच्या उद्दामपणाचा पुरावा म्हणून तो पुढे करतात. दोन्ही बाजूंना एक साधा प्रश्न मात्र सहसा पडत नाही. 'ते' गृहीतक म्हणजे नेमके कोणते?

आजचा धागा त्या एका प्रश्नाविषयी आहे. उत्तरासाठी पॅरिस सोडून शंभर वर्षे मागे, केंब्रिजला जावे लागते.

१६८७ साली न्यूटनचा 'प्रिन्सिपिया' प्रसिद्ध झाला. झाडावरून पडणारे फळ, समुद्राची भरती आणि चंद्राचे भ्रमण ही सारी एकाच नियमाची रूपे आहेत, हे त्यात गणिताने दाखवलेले होते. पाच वर्षांनी, १६९२ मध्ये, रिचर्ड बेंटली नावाच्या तरुण धर्मोपदेशकाकडे एक मानाचे काम आले. रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट बॉइल याने मृत्युपत्रात दरवर्षी ५० पौंडांची तरतूद करून एक व्याख्यानमाला ठेवली होती. नास्तिकांच्या मतांचे खंडन करणे हा तिचा हेतू. पहिल्याच वर्षीचा वक्ता बेंटली. त्याला 'प्रिन्सिपिया'चा आधार घ्यायचा होता, पण गणिताची वाट अवघड. म्हणून त्याने थेट न्यूटनलाच पत्र लिहून शंका विचारल्या.

न्यूटनने चार पत्रांत उत्तरे दिली. आपल्या ग्रंथाचा असा उपयोग होतो आहे याचा त्याला आनंदच होता. त्याचा युक्तिवाद थोडक्यात असा: गुरुत्वाकर्षण ग्रहाला सूर्याकडे खेचते, हे खरे. पण ग्रह सूर्यात कोसळू नये आणि दूर भिरकावलाही जाऊ नये, यासाठी त्याला आडव्या दिशेने अगदी मोजून-मापून वेग द्यावा लागतो. तो वेग गुरुत्वाकर्षणातून निघत नाही. शिवाय सगळे ग्रह एकाच दिशेने, जवळजवळ एकाच पातळीत फिरतात, तर धूमकेतू वाटेल त्या दिशेने येतात. ग्रहांची ही शिस्त योगायोगाने आली असे मानणे त्याला अशक्य वाटत होते. कोणीतरी भूमिती आणि यांत्रिकी उत्तम जाणणाऱ्याने ही मांडणी केली असली पाहिजे.

इथवर हा रचनेवरून रचनाकाराकडे जाणारा जुनाच युक्तिवाद आहे. न्यूटन मात्र तिथे थांबला नाही. 'ऑप्टिक्स' या त्याच्या प्रकाशशास्त्रावरील ग्रंथाची लॅटिन आवृत्ती १७०६ मध्ये निघाली. तिच्या शेवटी जोडलेल्या प्रश्नांत त्याने लिहिले की ग्रह आणि धूमकेतू एकमेकांना ओढत असल्यामुळे ग्रहांच्या कक्षांत बारीक बारीक बिघाड साचत जातात. ते वाढत जातील आणि अखेर एक वेळ अशी येईल की या व्यवस्थेची दुरुस्ती करावी लागेल. ती दुरुस्ती कोण करणार, हे सांगण्याची त्या काळच्या वाचकाला गरज नव्हती.

ही निव्वळ भाविक कल्पना नव्हती, हे लक्षात घ्यायला हवे. आकाशात खरोखरच काहीतरी बिनसलेले दिसत होते. टॉलेमीच्या काळातील नोंदी नव्या वेधांशी ताडून पाहताना केप्लरला १६२५ च्या सुमारास आढळले की गुरू ठरल्यापेक्षा वेगाने चालला आहे आणि शनी रेंगाळतो आहे. हॅलीलाही हेच दिसले. गती वाढणे म्हणजे कक्षा आकसणे आणि गती मंदावणे म्हणजे कक्षा विस्तारणे. हा क्रम असाच चालू राहिला तर गुरू सूर्याकडे सरकत जाणार आणि शनी सूर्यमाला सोडून काळोखात निघून जाणार. घराच्या भिंतीला तडा दिसावा, आणि तो दरवर्षी बोटभर वाढतो आहे असे कळावे, तशी ही परिस्थिती होती.

१७१३ साली 'प्रिन्सिपिया'ची दुसरी आवृत्ती निघाली. तिच्या शेवटी न्यूटनने एक उपसंहार जोडला, आणि माझ्या मते या सगळ्या इतिहासाची किल्ली त्या काही पानांत आहे. गुरुत्वाकर्षण कसे वागते हे न्यूटनला ठाऊक होते. ते मुळात का असते, हे ठाऊक नव्हते. रिकाम्या अवकाशातून एक वस्तू दुसरीला कशी ओढते, हा प्रश्न त्याच्या टीकाकारांनी त्याला पुनःपुन्हा टोचला होता. न्यूटनने तिथे स्वच्छ सांगितले की याचे कारण आपल्याला सापडलेले नाही आणि त्यासाठी आपण गृहीतके रचत बसत नाही. म्हणजे एकाच माणसापुढे ज्ञानाच्या दोन सीमा उभ्या होत्या. 'गुरुत्वाकर्षण का?' या सीमेवर तो हात जोडून शांत उभा राहिला. 'ग्रहमाला टिकते कशी?' या सीमेवर मात्र त्याने देवाला दुरुस्तीसाठी बोलावले. पहिल्या ठिकाणचे त्याचे मौन आजही आदर्श मानले जाते. दुसऱ्या ठिकाणी लवकरच भांडण पेटले.

आणि ते पेटवणारा माणूस नास्तिक नव्हता.

गॉटफ्रीड लायब्निझ हा न्यूटनचा जुना प्रतिस्पर्धी. कलनशास्त्र आधी कोणी शोधले यावरून दोघांत हाडवैर होते. १७१२ मध्ये रॉयल सोसायटीच्या चौकशी समितीने न्यूटनच्या बाजूने निकाल दिला होता. तो अहवाल मुख्यतः न्यूटननेच तयार केला होता, हे पुढे उघड झाले. (फिर्यादीनेच निकालपत्र लिहावे, अशातला हा प्रकार.) नोव्हेंबर १७१५ मध्ये लायब्निझने वेल्सची राजकन्या कॅरोलिन हिला पत्र लिहून तक्रार केली की इंग्लंडात धर्मभावना क्षीण होत चालली आहे. पुराव्यादाखल त्याने न्यूटनचाच देव पुढे केला. या लोकांच्या मते देवाला आपल्या घड्याळाला अधूनमधून किल्ली द्यावी लागते, वेळोवेळी ते साफ करावे लागते, दुरुस्तही करावे लागते. मग असा देव अपुऱ्या कौशल्याचा कारागीर ठरत नाही काय?

कॅरोलिनने हे पत्र सॅम्युअल क्लार्ककडे सोपवले. क्लार्क हा धर्मोपदेशक, न्यूटनचा निकटवर्ती, आणि 'ऑप्टिक्स'ची लॅटिन आवृत्तीही त्यानेच केलेली. त्याचे उत्तर तितकेच धारदार होते. राजाच्या हस्तक्षेपाशिवाय ज्याचे राज्य उत्तम चालते तो राजा नावापुरताच राजा राहतो, आणि देवाविना विश्व आपोआप चालते म्हणणारे हळूहळू देवालाच विश्वाबाहेर काढतील, असे त्याचे म्हणणे. (मराठी वाचकाला येथे शाहू महाराजांच्या पश्चात सातारच्या गादीची जी अवस्था झाली ती आठवल्यावाचून राहत नाही.) दोन्ही बाजूंनी पाच-पाच पत्रे झाली. नोव्हेंबर १७१६ मध्ये लायब्निझचा मृत्यू झाला आणि वाद तसाच राहिला. पुढच्या वर्षी क्लार्कने तो सगळा पत्रव्यवहार छापून टाकला.

या पत्रांत दोघेही आस्तिक आहेत. दोघांचीही श्रद्धा प्रामाणिक आहे. वाद आहे तो देव कुठे शोधायचा याचा. नियम जिथे अपुरे पडतात तिथे, की नियम आहेत याच गोष्टीत? क्लार्कची भीती पुढे बऱ्याच अंशी खरी ठरली. पण तिची वाट लायब्निझच्या परिपूर्ण घड्याळातून जितकी गेली, तितकीच न्यूटनच्या बिघडणाऱ्या घड्याळातूनही गेली. ज्या कामासाठी देवाला बोलावले होते ते काम गणिताने करून टाकले, की देवाला तिथे थांबण्याचे कारण उरत नव्हते.

ते काम व्हायला सत्तर वर्षे लागली. गुरू-शनीचा प्रश्न पॅरिसच्या विज्ञान अकादमीने बक्षिसासाठी लावला, आणि ऑयलरसारख्या गणितज्ञाने त्यावर दोनदा बक्षीस मिळवूनही उत्तर निसटले. लाग्रांजने हात घातला. १७७३ मध्ये लॅम्बर्टने वेध तपासून एक चमत्कारिक गोष्ट नोंदवली: अलीकडच्या काळात उलटेच घडते आहे. आता गुरू मंदावतो आहे आणि शनी वेग घेतो आहे. तडा रुंदावत नव्हता; तो उघडमीट करत होता.

नॉर्मंडीतील एका गावात १७४९ साली जन्मलेल्या प्येर-सिमों लाप्लासने नोव्हेंबर १७८५ मध्ये अकादमीपुढे याचा उलगडा ठेवला. तो समजून घेण्यासाठी पंचांगाची ओळख उपयोगी पडते. आपले साठ संवत्सरांचे चक्र गुरूच्या गतीवर बांधलेले आहे, कारण गुरूच्या पाच प्रदक्षिणांना सुमारे ५९.३ वर्षे लागतात. शनीच्या दोन प्रदक्षिणांना सुमारे ५८.९ वर्षे. जवळजवळ सारखीच! त्यामुळे दर वीस वर्षांच्या आसपास होणारी गुरू-शनीची युती (२१ डिसेंबर २०२० ची आपल्यापैकी अनेकांनी पाहिली असेल) दर तिसऱ्या खेपेस आकाशाच्या जवळपास त्याच भागात येते. त्याच भागात, पण नेमकी तिथेच नाही. ती सुमारे ८ अंशांनी पुढे सरकलेली असते.

झोपाळ्याला दर वेळी त्याच क्षणी हलका धक्का द्यावा तसे हे आहे. धक्का किरकोळ, पण वेळ जुळलेली असल्यामुळे परिणाम साचत जातो. काही शतके गुरूची गती वाढते आणि शनीची घटते. मात्र युतीचे स्थान सरकत असल्यामुळे धक्क्याची वेळ हळूहळू चुकू लागते आणि पुढची काही शतके सगळे उलट दिशेने होते. हे पूर्ण आवर्तन सुमारे ९०० वर्षांचे आहे. शनी त्यात आपल्या सरासरी जागेपासून पाऊण अंशाहून थोडा जास्त मागे-पुढे होतो, तर गुरू सुमारे एक तृतीयांश अंश. हॅली आणि केप्लर यांनी या लांबलचक हेलकाव्याचा एक तुकडा पाहिला होता आणि तो कायमचा घसरता उतार समजला होता.

येथे भारताचा एक धागा येऊन मिळतो. १७८७ मध्ये बायी या फ्रेंच ज्योतिर्विदाचा भारतीय ज्योतिषावरील ग्रंथ निघाला. लाप्लासने आपल्या नव्या सूत्राने इसवी सन पूर्व ३१०२ साठी, म्हणजे कलियुगारंभासाठी, शनीची वार्षिक मध्यमगती काढली, आणि भारतीय कोष्टकांतील आकड्याशी तिचा फरक निघाला अवघ्या एका विकलेचा. तेव्हा कोष्टके खरोखरच पाच हजार वर्षे जुन्या वेधांवर आधारलेली असावीत, असे बायीला वाटले. आपल्याकडे हा आकडा अजूनही मोठ्या अभिमानाने उद्धृत होतो. लाप्लासने मात्र पुढे सगळा पुरावा तपासून ते मत सोडून दिले. कलियुगारंभीची ग्रहस्थिती प्रत्यक्ष पाहिलेली नसून मागाहून गणिताने बसवलेली आहे, असा निष्कर्ष त्याने काढला. आकडा जुळला एवढ्यावर विश्वास ठेवायला तो तयार नव्हता, आणि म्हणूनच मला तो मोठा वाटतो.

१७९९ मध्ये त्याच्या 'खगोलीय यांत्रिकी'चे पहिले दोन खंड प्रसिद्ध झाले आणि त्यांच्या प्रती नेपोलियनकडे गेल्या. दोघांची ओळख जुनी होती. १७८५ मध्ये तोफखान्याच्या परीक्षेत तरुण बोनापार्टचा परीक्षक लाप्लासच होता. १७९९ च्या अखेरीस नेपोलियनने त्याला गृहमंत्री केले आणि सहा आठवड्यांत काढूनही टाकले. हा माणूस राज्यकारभारातही अतिसूक्ष्म राशींचा हिशेब मांडत बसतो, अशी नेपोलियनची पुढे तक्रार होती.

आता त्या प्रसिद्ध संवादाकडे वळू. समकालीन साक्षीदाराने लिहिलेली एकच नोंद हाताशी आहे. युरेनसचा शोध लावणारा विल्यम हर्शेल ८ ऑगस्ट १८०२ रोजी माल्मेझोंच्या प्रासादात उपस्थित होता. त्याच्या रोजनिशीनुसार नेपोलियनने ताऱ्यांच्या विस्ताराविषयी बोलताना या सगळ्याचा कर्ता कोण असे विचारले. ग्रहमालेची घडण आणि तिचे टिकून राहणे या दोहोंचा उलगडा नैसर्गिक कारणांच्या साखळीने होतो, हे लाप्लास दाखवू पाहत होता, आणि नेपोलियन ते मान्य करत नव्हता. 'गृहीतकाची गरज नाही' हे घोटीव वाक्य या नोंदीत नाही. ते पुढच्या लेखकांच्या आठवणींतून आणि ऐकीव गोष्टींतून आपल्यापर्यंत आले आहे. एर्वे फाय या फ्रेंच खगोलशास्त्रज्ञाने १८८४ मध्ये लिहिले की लाप्लासने नाकारले ते देवाचे अस्तित्व नव्हे, तर ठरावीक जागी त्याने येऊन केलेली दुरुस्ती. आणि मृत्यूपूर्वी थोडे दिवस लाप्लासने हा किस्सा आपल्या चरित्रातून वगळण्याची इच्छा व्यक्त केली होती.

लाप्लास मनातून भाविक होता, असा याचा अर्थ कोणी काढू नये. तरुणपणी त्याने धर्मशास्त्राचे शिक्षण घेतले होते, पण चर्चच्या शिकवणुकीबद्दल तो आयुष्यभर साशंक राहिला. तरीही हर्शेलच्या नोंदीतील दोन शब्द, घडण आणि टिकाव, हे नेमके न्यूटनचे दोन मुद्दे आहेत. ग्रह एकाच दिशेने का फिरतात याला लाप्लासने १७९६ मध्ये तेजोमेघाची कल्पना सुचवली होती, आणि टिकावाचे गणित त्याने मांडलेच होते. 'ते गृहीतक' म्हणजे किल्ली देणारा, डागडुजी करणारा देव. तोच देव, ज्याच्यावर लायब्निझने श्रद्धेपोटी आक्षेप घेतला होता.

गोष्ट इथे संपली असती तर ती एका बाजूच्या सोयीची झाली असती. पण लाप्लासच्या सिद्धतेतही फटी होत्या. त्याने समीकरणांतील अतिलहान पदे सोडून दिली होती. काही हजार वर्षांच्या हिशेबात ती सोडणे योग्यच. अनंतकाळाच्या हिशेबात ती सोडता येतात की नाही, हे त्याला सिद्ध करता आले नव्हते. तरीही १८१४ मध्ये त्याने अशा एका बुद्धीची कल्पना मांडली की जिला विश्वातील प्रत्येक कणाचे स्थान आणि सारी बले एका क्षणी ठाऊक आहेत. तिच्यापुढे भूत आणि भविष्य सारखेच उघडे असेल. देवाचे दुरुस्तीचे काम काढून घेणाऱ्याने देवाची सर्वज्ञता मात्र गणिताला देऊ केली, असे म्हणण्याचा मोह होतो. माणसाची बुद्धी त्या बुद्धीपासून नेहमीच अनंत अंतरावर राहील, हेही त्यानेच लिहून ठेवले आहे. ते वाक्य सहसा कोणी सांगत नाही.

ते अंतर किती खोल आहे हे १८८९ मध्ये कळले, आणि तेही एका चुकीमुळे. स्वीडनचा राजा दुसरा ऑस्कर याच्या साठाव्या वाढदिवसानिमित्त गणिताची एक स्पर्धा जाहीर झाली होती. परस्परांना ओढणाऱ्या अनेक पिंडांची गती कायमची वर्तवता येईल काय, हा त्यातील एक प्रश्न. आंरी प्वांकारेने तीन पिंडांच्या साध्या रूपावर निबंध लिहून बक्षीस जिंकले. निबंध छापूनही झाला. तेवढ्यात संपादनाचे काम पाहणाऱ्या फ्राग्मेन या तरुणाने काही शंका काढल्या. त्यांची उत्तरे शोधताना आपल्या सिद्धतेत मोठी चूक असल्याचे प्वांकारेच्या ध्यानात आले. छापलेल्या प्रती परत मागवाव्या लागल्या. बक्षीस होते २५०० क्रोनरचे. वाया गेलेल्या छपाईचे ३५०० हून अधिक क्रोनर प्वांकारेने स्वतः भरले.

दुरुस्त निबंध १८९० मध्ये निघाला आणि मूळ निबंधापेक्षा कितीतरी मोलाचा ठरला. तीनच पिंड, नियम पूर्ण ठाऊक, कुठेही योगायोगाचा शिरकाव नाही. तरीही मार्ग असे गुंतागुंतीचे होऊ शकतात की सुरुवातीच्या स्थितीतील नगण्य फरक पुढे वाढत जाऊन सगळे भाकीतच निरर्थक करतो. आज आपण त्याला केऑस म्हणतो. ही सीमा आधीच्या सीमांपेक्षा वेगळ्या जातीची होती. नियम सापडला नाही म्हणून ती आलेली नव्हती. सापडलेल्या नियमातूनच ती निघाली होती.

प्रत्यक्ष सूर्यमालेला हे किती लागू होते, ते संगणक आल्यावर कळले. १९८९ मध्ये जाक लास्कर यांनी दाखवले की आतल्या ग्रहांची गती केऑटिक आहे. पृथ्वीच्या आजच्या स्थानात १५ मीटरची चूक असेल तर १ कोटी वर्षांनी ती सुमारे १५० मीटर होते. पण १० कोटी वर्षांनी ती १५ कोटी किलोमीटर होते, म्हणजे पृथ्वी आणि सूर्य यांच्यातील अंतराएवढी. त्यानंतर पृथ्वी आपल्या कक्षेत नेमकी कुठे असेल, हे सांगण्यात अर्थ उरत नाही.

म्हणजे बारीक बिघाड साचतात, ही न्यूटनची शंका अगदीच निराधार नव्हती. 'पाहा, देवाची गरज अखेर सिद्ध झाली' असे म्हणणारे लगेच पुढे आले. त्यांनी लायब्निझचे ते पत्र एकदा वाचावे. उलट, लाप्लासने सगळे आकाश कायमचे हिशेबात बसवले असे समजणाऱ्यांनी प्वांकारेचे छपाईचे बिल पाहावे.

२००९ मध्ये लास्कर आणि गास्तिनो यांनी पुढील ५०० कोटी वर्षांसाठी सूर्यमालेची २५०१ वेगवेगळी गणिते संगणकावर चालवली. त्यांत इतर सगळे तेच ठेवून फक्त बुधाची कक्षा दर खेपेस एक मिलिमीटरहूनही कमी अंतराने बदललेली होती. सुमारे एक टक्का गणितांत बुधाची कक्षा फार लांबट होत गेली. कुठे तो शुक्राला धडकतो, कुठे सूर्यात कोसळतो. एका गणितात तर ३३४ कोटी वर्षांनंतर सगळेच आतले ग्रह डळमळतात आणि पृथ्वीची मंगळाशी किंवा शुक्राशी टक्कर संभवते. उरलेल्या सुमारे नव्व्याण्णव टक्क्यांत कोणाच्याही दुरुस्तीविना ग्रह आजच्यासारखेच फिरत राहतात. आपली सूर्यमाला या २५०१ पैकी कोणत्या गणिताची, हे ठरवायचे तर बुधाची कक्षा मिलिमीटरहून सूक्ष्म मोजावी लागेल. तितके सूक्ष्म मोजणारे साधन आज कोणाकडेही नाही.